अजून एक ठिकाण बघू

...आणि हा झगा मागून उघडा का असतो, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगा हो. पुढून कसं सगळं झाकलेलं, गळ्यापासून पोटरीपर्यंत, आणि मागे तीन नाड्या, त्यातली मधली तुटलेली, उरलेल्या दोघी एकमेकींना भेटायला तयार नाहीत. सिस्टरबाईंना म्हटलं, जरा मोठा मिळेल का, तर त्या म्हणाल्या, "काका, हाच मोठा." संपलं. तुम्हाला सांगतो, मी सोळा किलो उतरवून आलोय इथे. सोळा किलो, काही थट्टा नाही, आणि तरी नाड्या भेटत नाहीत म्हणजे हा झगा कुणाचं माप घेऊन शिवला असेल? तेव्हा मी असा भिंतीला पाठ लावून बसलोय तो काही ऐसपैस बसलोय असं समजू नका. मला उठता येत नाही म्हणून बसलोय. ट्रॉली येईपर्यंत इथून हलायची सोय नाही. तुमचा पाय प्लास्टरमध्ये, खिडकीजवळच्या काकांना सलाईन, म्हणजे तुम्हालाही ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. आणि मला बोलल्यावाचून.

मला काही झालेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. या वॉर्डात सगळ्यात धडधाकट माणूस मी. माझी एक किडनी काढायची आणि धाकट्याला बसवायची, एवढंच. एवढंच म्हणायचं आपलं. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतो, घड्याळं दुरुस्त करतो, लग्न केलं नाही. दोन वर्षं झाली, त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसाला पाणी किती प्यायचं तर मोजून, ताटात पातळ काय घ्यायचं तर मोजून, आणि प्रत्येक वेळी मशीनवर बसवायच्या आधी वजन आणि उठल्यावर वजन. मधल्या फरकाइतकं पाणी अंगातून काढलं. मी त्याला म्हणायचो, अरे, तुझं माझं काम एकच झालं, भरलेली वजा रिकामी.

कारण मी काट्यावर असतो. काटा म्हणजे ट्रकचा वजनकाटा हो. गाडी आली, प्लेटवर उभी राहिली, भरलेलं वजन घेतलं, माल उतरवून परत आली, रिकामं वजन घेतलं, वजाबाकी केली, पावती फाडली, गाडी पुढे. सत्तावीस वर्षं हेच. बसून काम, केबिन एवढीशी, ड्रायव्हर लोक प्रेमळ, कुणी बिस्किटं आणतो, कुणी केळी आणतो, कुणी तळलेले बटाटे आणतो, आणि चहाला तर मी कधी नाही म्हटलेलं नाही. आता माझं वजन मला कळलं का नाही, तर सांगतो. माझा काटा ट्रकचा, तो वीस-वीस किलोंनी बोलतो. ऐंशी, नाहीतर शंभर. मधलं त्याला काही दिसत नाही. मी अधूनमधून उभा राहायचो प्लेटवर, ऐंशी यायचे. दरवर्षी ऐंशी. बायको म्हणायची, अहो, शर्ट आवळतोय. मी म्हणायचो, शर्ट आटला, काटा खोटं बोलत नाही. आणि मग एक दिवस सकाळी उभा राहिलो तर शंभर. एका रात्रीत वीस किलो. मी आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत बसलो.

तर तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, सगळं जुळलं, घरात रडारड झाली, आनंदाची. आणि किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी मला साध्या काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव. त्या म्हणाल्या, "किडनी उत्तम आहे, पण तुम्ही तिच्याभोवती फार आहात." असं नाही म्हणाल्या, पण अर्थ तोच. ब्याऐंशीवर या, मग हात लावते. आणि स्वतःच्या मनानं उपाशी राहायचं नाही, किडनी बिघडवून बसाल, डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे कार्यक्रम असतात वजनाचे, त्यातला एक निवडा, मला कळवा, आणि उशीर करू नका, तुमच्या भावाच्या हाताची डायलिसिसची शीर फार दिवस साथ देणार नाही. समजलं? एका बाजूला माझी किडनी तयार, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ तयार, आणि मध्ये कोण आडवा, तर मी.

आता निवडा म्हणणं सोपं आहे. तुम्ही कधी असली केंद्रं पाहिलीत का? नसतील पाहिली, तुम्ही काटकुळे. प्रत्येक कोपऱ्यावर एक आहे. आणि निवडायला बरोबर कोण, तर धाकटा. त्याचाच जीव, त्याने यायलाच हवं. पण त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. याला एकदा टेबलफॅन घ्यायचा होता. याने सगळ्या बाजारातली दुकानं पाहिली, पाती मोजली, वायरची लांबी मोजली, गॅरंटीची कागदं घरी आणून वाचली, आणि शेवटी ठरवलं तेव्हा स्वेटर घालायचे दिवस आले होते. तेव्हा हा मला म्हणाला की, दादा, घाई नको, चार ठिकाणी चौकशी करू, भाव बघू, सोयी बघू, मग ठरवू, तर मी म्हटलं, स्वभाव आहे. कुणालाही तसंच वाटलं असतं.

पहिलं ठिकाण काचेचं. दार काचेचं, भिंती काचेच्या, आत एक सल्लागार ताई, इतकी बारीक की समोरून आली तर बाजूने आल्यासारखी वाटायची. आणि खुर्च्या. त्या खुर्च्यांचं मला आजतागायत कोडं आहे. वजन कमी करण्याचं केंद्र, येणार सगळे माझ्यासारखे, आणि खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी हात, आणि मधलं अंतर त्या ताईच्या मापाचं. मी बसलो. म्हणजे वरून जोर दिल्यावर बसला गेलो. बसताक्षणी मला कळलं की हे काम एकतर्फी झालंय.

ती सांगायला लागली. "सर, आमच्याकडे तीन पॅकेज आहेत." पहिल्यात डॉक्टर महिन्यातून एकदा बघणार, दुसऱ्यात आठवड्याला बघणार आणि जेवणाऐवजी पावडरी, तिसऱ्यात डॉक्टर, पावडरी, रक्ताच्या तपासण्या आणि शिवाय फोनवरून रोज कुणीतरी विचारणार की तुम्हाला कसं वाटतंय. तिसऱ्याची किंमत ऐकली आणि मला कसं वाटतंय ते मी तिथेच सांगू शकलो असतो. माझा सात महिन्यांचा पगार. मी लगेच हिशेब केला. सवय आहे, माल कुठलाही असो, किलोमागे काय पडला ते बघायचं. भागिले सोळा. किलोमागे जो भाव आला, त्या भावात भंगाराच्या यार्डातून अख्खं इंजिन उचलता येतं, गिअरबॉक्ससकट. आणि इंजिन आपल्याला मिळतं तरी. इथे पैसे देऊन माल आपणच त्यांच्याकडे सोडून यायचा.

धाकट्याने विचारलं, "आणि वजन परत आलं तर?" ताई म्हणाली, "मग मेंटेनन्सचं पॅकेज आहे ना." धाकटा उठला. म्हणाला, "दादा, अजून एक ठिकाण बघू."

तो उठला. मी उठलो, तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. मी परत बसलो. धाकटा दारात उभा, डोळ्यांनी विचारतोय, काय? मी डोळ्यांनी सांगतोय, काय ते. त्या ताईला मात्र वाटलं, हे गिऱ्हाईक मुरलेलं आहे, भाऊ निघाला तरी हे हलत नाही. म्हणाली, "सर, आजच्या आज घेतलं तर दहा टक्के कमी करते." मी काही बोललो नाही, मी श्वास आत घेऊन बघत होतो सुटतंय का. ती म्हणाली, "बरं, पंधरा." मी डावीकडून प्रयत्न केला. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, "तुमच्यासारखा ठाम माणूस पाहिला नाही, घ्या, पंचवीस टक्के आणि पावडरीचे दोन डबे फुकट." मी उजवीकडून प्रयत्न केला. आयुष्यात मी कधी घासाघीस केली नाही हो, भाजीवालीने सांगितला तो भाव देऊन येतो, आणि इथे तोंड न उघडता पाऊण भावावर आणलं मी त्यांना. शेवटी धाकट्याने खुर्ची धरली, मॅनेजरने मला धरलं, ताईने दार धरलं, आणि मी मोकळा झालो. लाजेने पाणी पाणी. त्या भावात खरं तर घ्यायला हरकत नव्हती. पण पुन्हा त्या खुर्चीत बसायचं म्हणजे... आणि धाकटा म्हणतच होता, अजून एक ठिकाण बघू.

बघितलं. दुसरं ठिकाण म्हणजे मोठं हॉस्पिटल, तिथे तीन आठवडे राहायचंच. खोली, पलंग, टीव्ही, सकाळी डॉक्टर येऊन तपासणार, वजन घेणार, चालवणार, आणि खायला काय, तर जे येईल ते. खुर्चीला हात नव्हते, हे मी पहिलं पाहिलं. किंमत मात्र अशी की मी विचारलं, यात टीव्ही घरी न्यायचा का? तिथले डॉक्टर हसले नाहीत. आम्हाला मजला दाखवायला नेलं. लांबलचक व्हरांडा, आणि त्यात एक भला माणूस पायजम्यात येरझाऱ्या घालतोय. डॉक्टर पुढे गेले, तसा तो माझ्याजवळ सरकला आणि कानात म्हणाला, "बिस्किट आहे का?" मी खिसे चाचपले, नव्हतं. तो म्हणाला, "निदान कागद? पुड्याचा?" मला गलबलून आलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, महाग आहे पण खात्रीचं आहे, कर्ज काढू. तर धाकटा म्हणाला, "आणि तुझी नोकरी? तीन आठवडे काटा कोण बघणार? अजून एक ठिकाण बघू."

बरोबर होतं त्याचं. त्याचं प्रत्येक वेळी बरोबरच असायचं, तीच तर गोम आहे.

तिसरे डॉक्टर इंजेक्शनवाले. आठवड्याला एक सुई, भूकच लागत नाही म्हणे. माणूस सरळ होता, त्याने स्वतःच सांगितलं की औषध महाग, थांबवलं की भूक परत यायची शक्यता, आणि तुम्ही किडनी देणार तर आधी तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. मी म्हटलं, विचारू. धाकटा म्हणाला, "विचारायचं म्हणजे शंका आहे. शंका असेल तिथे जायचंच कशाला?" मग एक पोटात फुगा ठेवणारे. मी म्हटलं, वाढदिवसाला फुगवतात तसला? ते म्हणाले, साधारण. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या पोटात फुगा जाणार तर हा का पांढरा पडतो, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. मग एक जठर छोटं करून देणारे. त्यांच्याकडे तर तो पायरीसुद्धा चढला नाही. म्हणाला, "एक ऑपरेशन करायचं म्हणून आधी दुसरं ऑपरेशन? चल, अजून एक ठिकाण बघू."

आणि दिवस जातायत. घरी माझे हाल विचारू नका. निवड व्हायच्या आधीच बायकोने पथ्य सुरू केलेलं. साखरेच्या डब्याला कुलूप. आमच्या घरात दागिन्यांच्या कपाटाला कुलूप नाही, साखरेला आहे. दोन्ही पोरी हेर. मी फ्रिज उघडला की दुसऱ्या खोलीतून आवाज, "बाबा, पाणी बाहेर माठात आहे." बरं, म्हटलं, काट्यावर तरी राज्य आपलं. तर बायकोने चहावाल्याला गाठलं, आणि चहावाल्याने सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं. मग काय, ड्रायव्हर येतात, पावती घेतात, आणि काचेतून माझ्याकडे असं बघतात की जणू माझेच दिवस भरलेत. एकाने तर मला केळं दाखवलं आणि स्वतः खाल्लं. म्हणाला, "साहेब, तुमच्या भल्यासाठी." आणि हे सगळं करून वजन? तिथल्या तिथे. कारण रोज संध्याकाळी धाकटा मला चौकशीला घेऊन जायचा, आणि परत येताना म्हणायचा, दादा, दमलास, चल, काहीतरी खाऊ. स्वतः खायचा नाही. त्याला बहुतेक सगळं बंदच. समोर बसून मला खाऊ घालायचा आणि बघत बसायचा. मला वाटायचं, बिचारा, माझ्या तोंडून चव घेतोय.

अहो, मी मठ्ठ आहे, पण इतका मठ्ठ असेन असं मलाही वाटलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाई चिडल्या. म्हणाल्या, "अहो, चार महिने तुम्ही नुसते भाव विचारत फिरताय? इथे खाली तळघरात बुधवारी आपलाच वर्ग असतो, जवळजवळ फुकट, मी स्वतः बघते, तिथे जा." गेलो. धाकट्याचं डायलिसिस त्याच इमारतीत, तो मशीनवरून उठून, कापूस दंडाला दाबून तसाच खाली आला. वर्ग म्हणजे एक खोली, बाकडी, आमच्यासारखे पंधरावीस जण, आणि आहाराच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं असं की समोरच्याने गुन्हा केलाय. "तुम्ही काल काय खाल्लं? खरं सांगा. तुमच्या पोटाने मला आधीच सांगितलंय." काटा खोलीच्या मधोमध. सगळ्यांसमोर चढायचं, बाई आकडा मोठ्याने वाचणार. मला घाम फुटला, पण मनात म्हटलं, हेच आपलं ठिकाण. पैसे नाहीत, डॉक्टरीणबाई वर बसलेल्या, बाकड्याला हात नाहीत. आता धाकटा काय बोलणार?

धाकट्याने खोली बघितली. भिंत बघितली, बाकडी बघितली, बाईंकडे बघितलं. शेवटी काटा बघितला. मग म्हणाला, "दादा, इथला काटा बरोबर नाही वाटत. अजून एक ठिकाण बघू."

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं.

काटा बरोबर नाही, हे तो मला सांगतोय. मला. सत्तावीस वर्षं मी काट्यावर. आणि काटा तपासायचा कसा, तर त्यावर ज्याचं वजन पक्कं माहीत आहे अशी वस्तू ठेवायची. माझ्याकडे त्यासाठी लोखंडी वजनं असतात. इथे मी इकडेतिकडे बघितलं, आणि पक्क्या वजनाची वस्तू तर माझ्या शेजारी उभी. वर मशीनवरून उठल्यावर त्याचं वजन घेतलेलं, पाव तास झालेला नाही, कार्ड खिशात. मी त्याच्या खिशातून कार्ड काढलं, एकावन्न किलो चारशे. त्याला दंडाला धरलं आणि काट्यावर चढवलं. बाईंनी वाचलं, "एकावन्न चारशे." पुढे म्हणाल्या, "यांनी वर्गात यायची गरज नाही."

काटा बरोबर होता. आता ऐका. माझ्याकडे एखादा ड्रायव्हर येतो, भरलेली गाडी घेऊन, आणि म्हणतो, हा काटा बरोबर नाही, पुढच्या काट्यावर जाऊ. तिथे गेला की म्हणतो, त्याच्या पुढच्या. आम्ही लोक त्याच्याशी वाद घालत नाही. आम्हाला माहीत असतं, काट्यात काही नाही. त्या माणसाला माल उतरवायचाच नसतो.

मी त्याला काट्यावरून उतरवलं, बाहेर नेलं, जिन्याखाली. म्हटलं, खरं बोल. तुला माझी किडनी नको आहे.

तो कापूस दाबत उभा. मग म्हणाला, "मशीन चालतंय ना. चालतंय तोवर चालू दे." मी म्हटलं, शीर साथ देणार नाही म्हणाल्या त्या, तू ऐकलंस. तर म्हणतो, "ऐकलं. पण दादा, तुला काही झालं तर? मी गेलो तर वरची खोली रिकामी होईल, एवढंच. तू गेलास तर वहिनीला काय तोंड दाखवू? पोरींना काय सांगू, तुमच्या बाबाला मी खाल्लं?" आणि रडायला लागला हो. जिन्याखाली, माणसं ये-जा करतायत. म्हणाला, "म्हटलं, तुझ्या तोंडून नकार यायला नको, आणि मी नाही म्हटलं तर तू ऐकायचा नाहीस, मग नुसतं फिरत राहू. बघत राहू. तुझं वजन कमी झालं नाही तर कुणाचाच दोष नाही." म्हणजे संध्याकाळचं ते खाऊ घालणं सुद्धा... माझ्या तोंडून चव घेत नव्हता तो. मला भरत होता.

मला जो संताप आला. तुम्हाला भाऊ आहे का? असेल तर कळेल. मी म्हटलं, लहानपणी माझी सायकल घेतलीस, विचारलंस? माझा नवा शर्ट घातलास, इस्त्री जाळलीस त्याच्यावर, विचारलंस? माझी उशी अजून तुझ्या खोलीत आहे. आयुष्यभर माझं जे दिसेल ते उचललंस, आणि पहिल्यांदा मी आपण होऊन काही देतोय तर ते नको? मशीन चालतंय म्हणे. अरे, तू गेलास तर मी भांडू कुणाशी? बायकोशी? तिच्यासमोर माझा निभाव लागतो का? मला भीती वाटत नाही असं वाटतं तुला? तू प्रत्येक वेळी अजून एक ठिकाण म्हणायचास तेव्हा मला किती बरं वाटायचं, ते मला विचार. चल आत, म्हटलं. माल इथेच उतरणार.

आणि उतरवला. कसा, ते विचारू नका, काकडी हा शब्द माझ्यासमोर काढू नका. दर बुधवारी त्या बाईंपुढे उभं राहायचं, आणि त्यात वर्गाचा नियम, घरच्या एका माणसाने लक्ष ठेवायचं, बरोबर यायचं. बाईंनी माझ्यावर कुणाला नेमलं, तर धाकट्याला. पण बदलला हो तो. मी एक घास जास्त घेतला की वरच्या खोलीतून खाली यायचा. बायको परवडली. आमच्या ट्रकच्या काट्यावर माझे ऐंशी दिसले त्या दिवशी ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले सगळ्यांनी एकदम, मालक धावत बाहेर आला, त्याला वाटलं संप झाला. डॉक्टरीणबाईंनी ब्याऐंशी वाचले आणि लगेच आजची तारीख दिली. इतकी लगेच देतील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, निदान महिनाभर तरी कौतुक करतील.

तर असा मी इथे. पोट रिकामं, झगा उघडा, अंगठी काढून घेतली, चष्मा काढून घेतला, सही तर परवाच करून घेतली. बायको बाहेर बसलीय, आत सोडत नाहीत, सोडलं असतं तर नाड्या तरी बांधल्या असत्या तिने. आणि खरं सांगू का, कुणाला सांगू नका, मघापासून मी त्या दाराकडे बघतोय. दार उघडं आहे. पुढे व्हरांडा आहे, जिना आहे, रस्ता आहे. त्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरांचं कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे, तो सरळ माणूस होता, त्याचं काय मत पडतं ते एकदा विचारलं असतं तर...

आली वाटतं ट्रॉली. चाकांचा आवाज येतोय. नाही, हा... हा बघा, हाच तो. हा धाकटा. बघा कसा आलाय, त्याच्याही अंगात तसलाच झगा, त्याच्यात असे दोन धाकटे मावतील, एक हात मागे नेऊन सगळं गोळा करून धरलंय. अरे, तू पलंगावरून उठलास कशाला? आधी मला नेणार, मग तुला, सिस्टरबाईंनी सांगितलं ना? काय म्हणतोस? नाड्या? नाही बांधता येत रे, मधली तुटलीय. सोड. अरे, सोड. बरं, धर मग. धर घट्ट, मी उतरतो खाली, ट्रॉली पण आलीच ही. आता तुझा कोण धरणार, वेड्या? माझा धरायला तू स्वतःचा सोडलास. हे प्लास्टरवाले बघतायत.

काय? मोठ्याने बोल, काय म्हणालास?

ऐकलंत? चार महिने झाले याने तो शब्द काढला नव्हता, आणि आत्ता, ट्रॉलीवाला समोर उभा असताना, माझ्या कानात विचारतोय, "दादा, अजून एक ठिकाण बघू का?"

बघितलं असतं रे. माझ्या अगदी मनातलं बोललास. पण तुझी पाठ उघडी, माझी पाठ उघडी, या अवतारात रस्त्यावरून जायचं कसं? चल, हे काय वाईट आहे.